उभा व्हॉल्व्ह

वाल्मिकनं आजही सुकलालचा रामराम घेतला नाही. दोघं सख्खे साडू, एकाच बसनं गुजरातेतल्या इच्छापोरच्या कारखान्यात येणारे. पण आठ महिने एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला.

कारण सप्ताहाचं. वस्तीतल्या मंडपात सात दिवस हरिनाम चालतं, तोवर वीणा जमिनीला टेकवायची नाही. दोन तास एकानं उभं राहायचं, मग पुढच्याच्या गळ्यात घालायची. दुपारी दोनला वाल्मिकचा पहारा संपणार आणि सुकलालचा सुरू होणार होता. सुकलाल उगवला सहाला! तोवर वाल्मिक पायांचे खांब करून उभा. संध्याकाळी बुवांनी असं गोड निरूपण केलं की अख्खा मंडप डोलत होता. वाल्मिक तेवढा पोटऱ्या चोळत बसला होता. "ओव्हरटाइम लागला," सुकलालनं सांगितलं होतं. खरं काय ते त्याचं त्यालाच ठाऊक.

कारखान्यात थंड मुलखातल्या घरांसाठी रेडिएटर बनत. आत गरम पाणी खेळवून खोली उबदार करायची. ज्या गावात माणूस बारा महिने पंख्याखाली झोपतो, तिथल्या कुणी असलं घर पाहिलेलं नव्हतं. चाचणीही थंड पाण्याचीच. सुकलाल हेड फिटर, वाल्मिक त्याच्या हाताखालचा फिटर. पाहुण्यांना दाखवायच्या खोलीतला, छोट्या बॉयलरला जोडलेला रेडिएटर सुकलालनं स्वतः बसवला होता आणि खोली तापली की पाणी आपोआप बंद करणारं व्हॉल्व्हचं डोकं वर उभं ठेवलं होतं. देवळावर कळस असतो तसं. आडवं डोकं त्याला लोळत पडल्यासारखं वाटे.

आज तोच रेडिएटर जरा गरम व्हायचा की लगेच गार पडायचा. एसीनं खोली थंडगार केलेली, आणि परदेशी पाहुणे अकराला येणार.

"काका, आ शुं छे?" सुपरवायझर ललित सुकलालवर ओरडला. भुसावळचा पोरगा, पण चिडला की गुजरातीत शिरायचा. "साडेदहापर्यंत तापला नाही, तर उद्यापासून हेडचं टेबल वाल्मिककाकांचं. समजलं?"

तो गेला. दाराशी वाल्मिक खोके बांधत होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"काय दात काढतो?" सुकलाल भडकला.

वाल्मिकनं खोक्यातला कागद त्याच्या पायाशी भिरकावला. त्यावरच्या चित्रात व्हॉल्व्हचं डोकं आडवं होतं. खालच्या पाण्याची धग वर चढली, की उभ्या डोक्याला वाटतं खोलीच तापली. ते पाणी बंद करून टाकतं.

"तुले माहीत व्हतं?"

"आठ दिवसपासून."

"मंग सांगं का नही?"

"तू इचारं का?"

सुकलालनं दातओठ खाल्ले. बॉयलरचा कॉक बंद केला, पाणी बादलीत उतरवलं, व्हॉल्व्हचे दोन्ही नट सैल केले. डोकं आडवं फिरलं. पण आता पाइपाचं आणि रेडिएटरचं तोंड समोरासमोर येईना. रेडिएटर नखभर खाली बसला होता. पान्यानं नट ओढून जुळवलं असतं, तर गरम झाल्यावर तिथूनच गळती. एकानं रेडिएटर उचलून धरायचा, दुसऱ्यानं नट बोटांनी सरळ आट्यांवर चढवायचा. त्याला इलाज नव्हता. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

"ये," सुकलाल म्हणाला. विनंती त्याला जमेना, शिवीसारखंच निघालं.

वाल्मिक आला, नट हातात घेतला. सुकलालनं रेडिएटर उचलला. वाल्मिक नट निवांत पुसू लागला.

"लाव ना!"

"जड आहे?"

"हात तुटताहेत माझे!"

"आणि खालीही ठेवता येत नाही, नाही का?" वाल्मिकनं नटात फुंकर मारली. "ओव्हरटाइम होता का रे त्या दिवशी?"

सुकलालनं रेडिएटरची पकड बदलली. सोडला असता तर व्हॉल्व्ह वाकला असता. बुवा निरूपणात सांगत, खोट्याचं ओझं माणसाला स्वतःच वाहावं लागतं. आज तेही हातात आल्यासारखं वाटलं.

"जेवून झोपलो होतो," तो अखेर बोलला. "जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. लाज वाटली."

वाल्मिकच्या जबड्याची शीर उडाली. त्यानं दोन्ही नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवले, मग पान्यानं आवळले, ब्रॅकेटखाली लोखंडी पट्टी सरकवली आणि म्हणाला, "सोड."

पाणी सोडलं. साडेदहाला रेडिएटर तापला, तापलेलाच राहिला. थेंब नाही.

ललित धावत आला. "कुणी केलं?"

वाल्मिक खोक्यांकडे वळला होता. सुकलाल गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

"वाल्मिकनं. चूक माझी होती."

"मग टेबल त्यांचंच," ललित म्हणाला आणि पाहुण्यांना आणायला पळाला.

वाल्मिकनं टेबलावरचा पाना उचलला. आभार नाहीत, हसू नाही. दारातून जाताना तो पाठमोराच बोलला:

"यंदा सप्ताहात माझ्या आधीचा, बारा ते दोनचा पहारा तू घे. आणि ऐक, मी सहाला येईन."

"येशील ना पण?"

"उभा राहा, मग कळेल."