पाण्याचा दिवस आणि चाकांचा फळा

मी एक जुना पांढरा फळा आहे. पण मित्रांनो, भिंतीला खिळलेल्या माझ्या भाऊबंदांसारखा मला समजू नका. मला चार चाकं आहेत आणि एका जागी उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही. पंखा जोरात लागला तरी मी हलतो, कोणी टेकलं तरी सरकतो. शांत कसं राहावं, हे मला कोणी शिकवलंच नाही.

माझा जन्म भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमधला. पत्रा कापला गेला, त्यावर पांढरा लेप चढला, चौकट बसली, आणि चाकं लावायला घेतली तेवढ्यात पाळी सुटायचा भोंगा वाजला. फिटरला बस गाठायची होती. त्याने तीन चाकं माझी बसवली आणि चौथं हाताला लागलं ते ठोकून दिलं. ते चाक तेव्हापासून कुरकुरतं आणि मला सारखं डावीकडे ओढतं. "चालतंय राव, पळव!" असं म्हणून त्याने मला टेम्पोत चढवलं.

टेम्पो थांबला तो वाकडजवळच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात. तिथे मला क्षणाची उसंत नव्हती. सकाळी या वर्गात, दुपारी त्या वर्गात. माझ्यावर चौकोन काढायचे, बाण काढायचे, आणि शाई वाळते न वाळते तोच पुसून टाकायचे. बाजारपेठा उभ्या राहायच्या आणि एका फडक्यात नाहीशा व्हायच्या. माझ्या पोटात काही राहायचंच नाही. तरी कौतुक पुष्कळ व्हायचं. चिंचवडचा अवधूत नावाचा एक हुशार, हौशी मुलगा होता. कुठल्याही गोष्टीचं वेळापत्रक केल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. तो मला 'आपला चालता फळा' म्हणायचा, आणि मी फुगून जायचो.

त्याच वर्गात स्वरूपा होती. वर्ग रिकामा झाला की ती माझ्यासमोर उभी राहून मुलाखतीची उत्तरं घोकायची. कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांच्या मुलाखती तोंडावर आल्या होत्या. चाकणच्या कारखान्यात ठेकेदारीवर राबणाऱ्या तिच्या वडिलांनी, ज्योतीरामांनी, तिच्या शिक्षणासाठी किती ओव्हरटाइम केला होता, हे ती माझ्यापाशीच पुटपुटायची. बाकीची उत्तरं ती खणखणीत द्यायची. 'कुठे राहता?' हा प्रश्न आला की मात्र "वाकडच्या पुढे" असं म्हणून खाली बघायची. वाकडच्या पुढे म्हणजे नेमकं कुठे, ते तिने कॉलेजात कोणालाच सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिच्या मुळावर आली होती. तिची हजेरी कमी होती. एक दिवस यायची, एक दिवस पहिले तास बुडवायची. हजेरी भरली नाही तर मुलाखतीला बसू देणार नव्हते. सगळे म्हणायचे, मुलगी हुशार आहे, पण अभ्यासात लक्ष नाही.

अशातच शुभदा मॅडमनी एक उपक्रम काढला. कॉलेज ज्या वस्तीच्या शेजारी उभं आहे, तिच्या उपयोगी पडायला नको का? काळेवाडीत घरून डबे, चटण्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी दर शनिवारी सकाळी वर्ग घ्यायचा, मालाची किंमत कशी धरावी, गिऱ्हाईक कसं टिकवावं ते शिकवायचं. शनिवार अवधूतने ठरवला, कारण त्या दिवशी कॉलेजात तास नसत. मला टेम्पोत घालून एका मंडळाच्या शेडमध्ये नेलं. मी आनंदाने इतका थरथरत होतो की खंडूमामा शिपायाने माझ्या चाकाला वीट लावली.

पहिल्या शनिवारी शेड भरून गेली. सगळ्यांत पुढे मंजुळाबाई बसल्या होत्या. परभणीकडच्या, मारुंजीच्या खोल्यांत राहणाऱ्या आयटीच्या पोरांना डबे पोचवणाऱ्या. स्वरूपा लिहायला उभी राहिली. मंजुळाबाई मान वाकडी करून म्हणाल्या, "मॅडम, जरा बाजूला व्हा की. फळा दिसंना गेलाय."

स्वरूपा झटकन बाजूला झाली. पुसताना ती माझ्यामागे आली आणि तिने ओढणीने डोळे टिपले. मित्रांनो, मागे उभं राहिलेलं माणूस मलाच दिसतं. मंजुळाबाई तिची आई होती. 'तिथे मला ओळख दाखवू नको,' असं लेकीने घरी बजावलं होतं, आणि आईने ते मनापासून पाळलं होतं. मला तेव्हा स्वरूपाचा रागही आला आणि कीवही आली.

पुढच्या शनिवारी शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारी अर्धी शेड भरली. मग पुन्हा शुकशुकाट. मी कोराच्या कोरा परत यायचो आणि टेम्पोत आदळत राहायचो. अवधूत वैतागला. "मॅडम, आपण एवढं करतोय आणि या लोकांना गरजच वाटत नाही. बंद करूया." त्याने ते माझ्यावर लिहिलंसुद्धा, 'लोकांना गरज नाही,' आणि खाली दुहेरी रेघ मारली. ते कोणी पुसलं नाही. स्वरूपाला कारण ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर आपल्याला ते कसं ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं. ती तोंडात गुळणी धरून बसली.

मग हजेरी कमी असलेल्यांच्या पालकांना कॉलेजात बोलावलं. पालक आले नाहीत तर मुलाखतीच्या यादीत नाव नाही, असा दम होता. मी त्याच खोलीत होतो. मॅडम टेबलाशी होत्या, वर्ग बंद करायची टिपणं घेऊन अवधूत शेजारी बसला होता, आणि स्वरूपा माझी चौकट घट्ट धरून माझ्याआड उभी होती. दारात मंजुळाबाई आल्या. ठेवणीतली साडी, पायांत नव्या चपला.

मॅडमनी त्यांना लगेच ओळखलं. "अहो मंजुळाबाई! तुम्ही इथे कशा? वर्ग आज नाहीये."

मंजुळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्याआडून दिसणाऱ्या लेकीच्या पायांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर गोंधळला. मग त्या हसून म्हणाल्या, "न्हाई मॅडम, चुकून आले बघा. जाते मी."

आणि त्या खरंच वळल्या! लेकीची मुलाखत हातची जाईल हे त्यांना कळत होतं, तरी दिलेला शब्द मोडवेना. स्वरूपाचा सगळा भार माझ्यावर आला होता, चौथं चाक कुरकुरलं आणि मी डावीकडे घरंगळलो. मुद्दाम केलं नाही, मित्रांनो. पण नाही तरी कसं म्हणू? स्वरूपा उघडी पडली, सगळ्यांसमोर.

"थांब आई," ती म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "मॅडम, ही माझी आई आहे. मी काळेवाडीत राहते."

अवधूत चिडून म्हणाला, "अगं, मग लोक का येत नाहीत ते तुला माहीत असणार! आधी बोलली का नाहीस?"

"लाज वाटली म्हणून. आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत कोणाला?" टेबलावर सामानाच्या खोक्यांवर नावं घालायचा जाड मार्कर पडला होता, तोच तिने उचलला आणि माझ्यावर भराभरा लिहायला लागली. "आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, तेही सकाळी. म्हणजे एक शनिवार पाण्याचा, पुढचा कोरडा. पाण्याच्या दिवशी कोण बाई वर्गाला येईल? आणि कोरड्या शनिवारी नवरा रात्रीच्या तिसऱ्या पाळीवरून येऊन एका खोलीत झोपलेला असला, तर पोरांना घेऊन बाईला बाहेर बसावं लागतं. म्हणून अर्ध्याच येतात."

"खरं हाय तिचं," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या. "मी डबे घेऊन मारुंजीला जाते. पानी हीच भरती. तिचे बाबा दुसऱ्या पाळीत असले, सकाळी घरी असले, तर तेवढी सुटका. तिला वरडू नका, मॅडम."

शुभदा मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. एक दिवस हजर, एक दिवस गैरहजर. शेडची आणि स्वरूपाची हजेरी एकाच चालीने चालली होती. "आमच्या सोसायटीत टाकी आहे गं," त्या म्हणाल्या. "मला कधी वार बघावाच लागला नाही." त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. अवधूतने फडकं घेतलं आणि स्वतःची दुहेरी रेघ पुसली. नंतर स्वरूपाचं लिहिलेलंही पुसायला गेला, तर ते हलेना. तो मार्कर कायमच्या शाईचा होता.

नियम मोडला नाही. बुडालेले तास मॅडमनी दुपारी भरून घेतले, आणि गंमत म्हणजे त्या जादा तासांना आणखीही मुलं आली. त्यांच्याही घरी काही ना काही होतंच. काळेवाडीचा वर्ग कोरड्या दिवशी भरू लागला, आणि गल्लीत ज्यांची तिसरी पाळी असेल त्यांची पोरं शेडच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. मुलाखतीत स्वरूपाला विचारलं, कुठे राहता? तिने "काळेवाडीत" म्हणून सांगितलं आणि खाली बघितलं नाही. ती आता चाकणच्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे.

माझं काय झालं विचाराल तर खंडूमामाने स्पिरिट लावून मला घासलं. जागोजागी लेप निघाला, शाई राहिली. कॉलेजात नवा चकचकीत स्क्रीन आला आणि मला मोडक्या खुर्च्यांमागे ढकललं. चाकाला गंज चढला. ज्याला उभं राहवत नाही त्याला कोंडून ठेवण्यासारखी शिक्षा नाही, मित्रांनो. शेवटी एकदा मंजुळाबाईच कॉलेजात येऊन म्हणाल्या, "टाकायचाच असंल तर आमाला द्या. पुसत न्हाई तर न्हाई."

आता मी शेडमध्ये असतो. मंजुळाबाई चाकाला तेल घालतात, तरी ते कुरकुरतं. तुमच्या शाळेतल्या फळ्यांना, बाकांना जपा, हे तर मी सांगेनच. पण कोणाच्या नावापुढे गैरहजर लिहिण्याआधी त्याच्या घरी आज कोणता दिवस आहे, तेही एकदा विचारा.

स्वरूपाला सुट्टी असली की ती इथे शिकवायला येते. परवा ती लिहायला उभी राहिली, आणि पहिल्या रांगेतून भरल्या शेडमध्ये खणखणीत आवाज आला, "अगं ए स्वरूपे, बाजूला सरक की! फळा दिसंना गेलाय तुज्या आईला!"