एका दिवशी पळालेले अकरा जण

मालसूनला चौसष्टावं लागलं तरी गावात तिची ओळख एकच, पळपुट्याची पोर. ती रांगत होती तेव्हा जपान्यांनी तिच्या बापाला समुद्रापलीकडच्या कोळशाच्या खाणीत राबायला नेलं, आणि लढाई संपली तरी तो परतला नाही. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार! म्हणे, तिकडेच दुसरी बाई केली असेल.

आता सरकारने अशा मजुरांची नोंद करायला, भरपाई द्यायला सुरुवात केली, म्हणून तिने कोरियातल्या हेनामच्या कचेरीत अर्ज टाकला. शिम नावाच्या तिथल्या तरुण बाईने खाणीची जुनी यादी आणवली. बापाच्या नावापुढे लिहिलं होतं : ४ एप्रिल १९४४, पळून गेला.

मालसूनने ती ओळ शिमकडून पुन्हा वाचून घेतली. म्हणजे गाव खरं बोलत होतं?

"आजी, यादीत असं असलं की अर्ज अडतो," शिम म्हणाली. "त्यांच्यासोबतचं कुणी हयात आहे का?"

होता. बान म्हातारा. तिच्याच गावचा, त्याच खाणीतून जिवंत परतलेला. हा आला आणि माझा बाप का नाही, या एका रागापायी मालसून जन्मभर त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पण अडला हरी! दुसऱ्या दिवशी गेली त्याच्या दारात. म्हातारा ओट्यावर ऊन खात होता, सून पिलनाम लसूण सोलत होती.

"काका, माझे वडील पळाले का हो?"

"पळाला?" म्हातारा भडकला. "खाणीचं छत कोसळलं, पोरी! पाळीतले सगळे आत राहिले. मी तापाने फणफणलो होतो, म्हणून वाचलो. जपानी साहेबांनी बोगद्याचं तोंड बुजवून टाकलं, मेलेलं कुणी बाहेर काढलंच नाही."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"आल्या दिवशीच तुझ्या आईला सांगितलं. तिने हाकलून दिलं मला. म्हणाली, त्यांच्या वाटणीचा भात मी रोज गोधडीखाली उबेत ठेवतेय, माझ्या दारात मेल्याची भाषा नको. पुढे तू मोठी झालीस, तर मला बघून तोंड फिरवायचीस. कुणाला सांगू? त्याचं श्राद्ध तेवढं दरवर्षी मीच घालत आलोय."

पिलनामने लसणाची टोपली दणकन खाली ठेवली. "अगं बाई! म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या बाराव्या दिवशी चाळीस वर्षं मी ज्याच्या श्राद्धाचा स्वयंपाक करतेय, तो माणूस हिचा बाप? विचारलं की मामंजी नुसते 'मुकाट्याने रांध' म्हणायचे!"

मालसूनने बोटांवर दिवस मोजले आणि तिचा चेहरा पडला. तिसऱ्याची बारा कुठे, चौथ्याची चार कुठे! तीन आठवड्यांचा फरक. म्हातारा मनाची समजूत घालतोय, दुसरं काय!

तरी ती दोघांना घेऊन कचेरीत गेली, आणि मान खाली घालून शिमला म्हणाली, "दिवस काही जुळत नाही, बाई. काका तिसऱ्याची बारा सांगतात."

"आजोबा, ही तुमची तिथी की तारीख?" शिमने विचारलं.

"तारीख साहेबांची. आम्ही चंद्राच्या तिथीवरच जगलो."

"मग असं कसं जुळेल, आजी!" शिमने संगणकात त्या वर्षाचं पंचांग उघडलं. तिसऱ्या महिन्याची बारावी तिथी. चार एप्रिल.

शिमचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं. पळून गेला. पळून गेला. पळून गेला. सगळीकडे चार एप्रिल.

"अकरा," ती म्हणाली. "एका पाळीचे अकरा जण एकाच दिवशी पळाले, आणि सापडला एकही नाही? अर्ज घेते मी, आजी. आजोबा, साक्षीला इथे तुमच्या नावाचा शिक्का मारा."

मालसून खुर्चीत बसली आणि बाहीने डोळे पुसत मोकळेपणी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. चौसष्ट वर्षांत एवढं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

"पुरे आता," पिलनामचेही डोळे भरले होते. "पुढच्या वर्षीपासून श्राद्धाला तुमचे वडील तुम्ही सांभाळा, ताई. माझे हात सुटले!"

"नेते ना, वहिनी. पण..." मालसून अडखळली. बानकडे वळली. "काका, त्यांना आवडायचं काय?"

म्हाताऱ्याला विचार करावा लागला नाही. "पेंडखजुरासारखी सुकवलेली पर्सिमनची फळं. आणि मुळ्याचा रस्सा, पण आलं नको. आल्याचा तुकडा लागला की तुझा बाप शिव्या घालायचा."

"मलाही नाही चालत आलं," मालसून म्हणाली.