एक्केचाळीस ते चव्वेचाळीस

आलेल्या पत्राला उत्तर न देणं मला जमत नाही. एकदा पंखे विकणाऱ्या एका कंपनीचं छापील शुभेच्छापत्र आलं, तर मी त्यांना आभाराचं दोन पानी पत्र पाठवलं होतं. बायको ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते. असा मी, पण गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आलेलं एक पत्र मी पाच आठवडे शब्दकोशात दडवून ठेवलं. शब्दकोश मीच उघडतो, म्हणजे माझ्यापासून काही ते लपत नव्हतं.

पत्र एका नर्सबाईंचं होतं. त्या घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमांचं ड्रेसिंग करतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. माझी गाडी आता त्यांच्याकडे होती, आणि हे मला त्या पत्रातूनच कळलं.

गाडी साधीच, छोटी, राखाडी रंगाची, अकरा वर्षांची. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त व्हायच्या थोडं आधी मी ती घेतली होती. माझी थोरली बहीण त्याच छापखान्यात बाइंडिंगला होती. गाडी दारात आली तेव्हा ताईनं उरलेल्या चांगल्या कागदाची एक जाड वही शिवून दिली. म्हणाली, "तुला लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. यात लिही गाडीचं." मी पानांना आकडे घातले, पहिल्या पानावर नाव-पत्ता घातला आणि लिहायला लागलो.

चुका शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस गाडीबद्दल काय लिहिणार? 'डावीकडून घासल्यासारखा आवाज. कदाचित माझा भास.' खाली दुसऱ्या दिवशी, 'मेकॅनिकला दाखवली. काही नाही.' अशी पानंच्या पानं. खरा दोष एकच होता. सातव्या वर्षी चढावर इंजिन तापून बंद पडलं. दुरुस्ती झाली, पण तेव्हापासून तापमानाचा काटा मध्यावरच अडकून बसला. इंजिन उकळायला आलं तरी काटा आपला शांत. त्याबद्दल मी चार पानं लिहिली होती: चढ कुठे संपतो, मध्ये कुठे थांबायचं, बॉनेट किती वेळ उघडं ठेवायचं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता गाडी चालवू नका.

बाजारातल्या एका दलालानं दोन लाख वीस हजार देऊ केले होते. ते कळताच भाचा, ताईचा मुलगा, आला. मुलांच्या गोट्या विकत घेऊन त्यांनाच परत विकायचा, म्हणून लहानपणापासून आम्ही सगळे त्याला शेठ म्हणतो. शेठ म्हणाला, "मामा, परक्याला कशाला देता? मी घेतो. पोरांना शाळेत सोडायला होईल. गाडी घरातच राहील."

घरातच राहील, या शब्दांनी मी तिथेच निम्मा विकला गेलो होतो. तरी सौदा म्हणजे सौदा. मी आदल्या दिवशी कागदावर एक वाक्य लिहून पाठ केलं होतं: 'काटा बिघडलेला आहे, म्हणून सव्वादोन, त्याखाली नाही.' ते वाक्य मी म्हटलंही. आणि मग, लपवाछपवी नको म्हणून, वही त्याच्या हातात दिली.

शेठनं बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "'क्लच दाबताना पाय जड वाटतो.' हे काय, मामा?"

"पुढे वाच ना. 'बहुधा पायच जड असावा' असं लिहिलंय."

"पाय जड असता तर ब्रेकलाही जड वाटला असता. पाच हजार कमी."

"अरे, मेकॅनिकनं बघितलं होतं."

"मेकॅनिक काय, तो म्हणणारच. आणि हे? 'मागच्या सीटखाली काहीतरी वाजतं.'"

"ते डबा निघाला. तुझ्या मामीचा. खाली लिहिलंय बघ."

"डबा निघाला तो निघाला. अजून काय काय निघेल कुणास ठाऊक."

आतून बायको म्हणाली, "शेठ, मामांनी माझ्याबद्दल अशी वही नाही ना लिहिलेली? नाहीतर मलाही पाच हजार कमी करशील."

सगळे हसलो. मीही हसलो. हसता हसता आकडा एक लाख साठवर आला. प्रत्येक वेळी तो माझंच वाक्य मला वाचून दाखवायचा, आणि माझंच असल्यामुळे मला ते खोटं म्हणवत नव्हतं. वर मी नवी सीटकव्हरं फुकट दिली. तो वहीही घेऊन गेला. "पोरं मोठी झाली की वाचतील," म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी मी ताईकडे फोन करायचो. गाडी कशी आहे? "छान आहे रे. काल पोरांना बागेत घेऊन गेला होता." काट्यावर विसंबू नका म्हणावं. "सांगते." असे चार महिने. रविवारी फोन ठेवला की मला बरं वाटायचं. गाडी माझ्याकडे नव्हती, पण कुठल्याशा बागेच्या फाटकाशी ती उभी आहे आणि मागच्या सीटवर मुलं भांडताहेत, असं चित्र डोळ्यांपुढे यायचं.

मग नर्सबाईंचं पत्र आलं.

त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या भाच्यांकडून मी ही गाडी दोन लाख पासष्ट हजारांना घेतली. तारीख दिली होती. आमच्या सौद्यानंतर नवव्या दिवसाची. 'खरं तर मी दुसरीच गाडी घेणार होते. पण त्यांनी तुमची वही पुढे ठेवली. इतक्या काळजीनं कुणी गाडी जपली असेल, तर जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही, असं वाटलं. गाडीत कुठलाही दोष लपवलेला नाही, निघाल्यास पैसे परत करीन, असंही त्यांनी लिहून दिलं आहे. एकच विचारायचं होतं. चाळीसनंतर एकदम पंचेचाळीसावं पान येतं. पान फाडल्याची खूण कुठेच नाही, पण शिवणीत आतून पातळ कागदाची पट्टी बारीक चिकटवलेली दिसते. मधल्या पानांत काय होतं? मला रोज टेकडीवरच्या वस्तीत जावं लागतं. परवा चढावर जळका वास आला. काटा मात्र मध्यावर होता.'

पहिल्यांदा वाचताना मला शेठचा राग आला. ज्या भासांनी भाव पाडला, त्याच भासांनी त्यानं भाव चढवला होता. दुसऱ्यांदा वाचताना मी पट्टीपाशी थांबलो.

शेठला पान काढायचं असतं तर त्यानं टरकावून काढलं असतं. शिवलेल्या वहीतून पान ओढलं की त्याचं पलीकडचं जोडपान निसटतं. ते निसटू नये म्हणून आतून पट्टी लावायची, खळ पातळ ठेवायची, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्यायची. हे ज्याला कळतं असं आमच्या घरात एकच माणूस होतं. ज्या हातांनी वही शिवली होती, त्याच हातांनी ती उसवली होती.

मी पत्र शब्दकोशात ठेवलं आणि त्या रविवारी फोन केला नाही.

उत्तर लिहिलं तर नर्सबाई पैसे परत मागणार. शेठनं ते त्याच्या दुकानात घातले असणार. मग ताईशी माझं काय उरणार? आणि आम्हाला मूलबाळ नाही. ताई सोडून रक्ताचं कोण आहे? कदाचित जळका वास दुसऱ्या कशाचा असेल. कदाचित पट्टी दुसऱ्याच कुणी लावली असेल. माझं काय, मला भास होतातच. असं करत पाच आठवडे गेले. ऊन वाढत होतं. दुपारी बायको वर्तमानपत्रानं वारा घेत म्हणाली, "आपण बसल्या जागी भाजतोय. त्या बाईंचं चढावर काय होत असेल?"

"मला आधी ताईला विचारायला हवं."

"मग विचारा. तुम्ही विचाराल तोवर गाडी भंगारात जाईल."

गेलो. शेठ नुकताच दुकानातून जेवायला आला होता. ताई नातवाच्या शर्टाला बटण लावत होती. मी पाठ केलेलं वाक्य विसरलो आणि भलतंच बोललो. "ताई, खळ कसली वापरलीस? मैद्याची?"

ताईची सुई थांबली.

शेठला कळलं नाही. पण पत्र दाखवल्यावर कळलं. "मामा, बाजार असाच चालतो. तुम्ही स्वतःच वाचायला दिलंत, तर मी काय डोळे मिटायचे?"

हे बरोबरच होतं, असं मला वाटलं. म्हणून मी म्हटलं, "पैशाचं जाऊ दे. पण बाग? दर रविवारी बाग?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून!"

"ते मी सांगायचे," ताई म्हणाली. "त्याला कशाला विचारतोस?"

"आणि पानं?"

"मी काढली. चार पैसे सुटतील म्हणाला. माझं पोर आहे ते." तिनं दोरा दातानं तोडला. "तुला काय कमी आहे? तुझ्यामागे खाणारं कोण आहे?"

आजवर ताई मला खूप काही म्हणाली होती; पुस्तकी किडा, शेंबडा, भित्रा. हे कधी म्हणाली नव्हती. मी टेबलावरचं दोऱ्याचं रीळ सरळ करून ठेवलं.

"त्या बाईंना काही लिहू नका, मामा," शेठ म्हणाला. "फार तर मी काटा बदलून देतो. पुढेमागे."

"कधी?"

"पुढेमागे म्हटलं ना."

ताई उठली. कपाटाच्या खणातून तिनं एक पुडी काढली. छापखान्यात कोऱ्या कागदांचे गठ्ठे बांधायचो त्या खाकी कागदाची, चारी कोपरे दुमडलेली. आत दोन कागद होते. माझं अक्षर, पान एक्केचाळीस ते चव्वेचाळीस.

"आई, देऊ नकोस!" शेठ ओरडला.

"त्याची आहेत. लिहिलेला कागद मला टाकवला नाही." ताईनं पुडी माझ्या हातात ठेवली, पण लगेच सोडली नाही. "नीट ऐक. ही तू तिला पाठवलीस, तर या घरात परत येऊ नकोस. मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही."

"तू माझ्या बाजूनं कधी—" असं काहीतरी मी सुरू केलं आणि पुरं केलं नाही. ते खरं नव्हतं. लहानपणी माझ्यासाठी तीच भांडायची.

घरी येऊन मी उत्तर लिहायला बसलो. पहिला खर्डा सहा पानांचा झाला. त्यात ताईचं बाइंडिंग किती चांगलं होतं, हे सुद्धा आलं. बायकोनं खांद्यावरून वाचलं. "अहो, बाई दवाखान्यातली आहे. तिला काय झालंय ते सांगा, घराणं नको."

शेवटी एवढंच लिहिलं: 'काटा बिघडलेला आहे. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आधी तो बदलून घ्या, तोवर चढावर जाऊ नका. बाकीचे आवाज माझे भास आहेत, ते सोडून द्या. राहिलेली चार पानं सोबत आहेत. भाच्यानं लिहून दिलेला कागद जपून ठेवा. तो तुमच्या उपयोगाचा आहे. उत्तराला उशीर झाला. त्याला कारण नाही.'

शेवटचं वाक्य खोटं होतं. तपासताना मी त्याखाली पेन्सिलीची रेघ ओढली, मग ती खोडली आणि ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो. मी पाकीट फटीत निम्मं घातलं आणि धरून उभा राहिलो. मागे एक माणूस हातात पत्र घेऊन खोळंबला. बायको त्याला म्हणाली, "तुम्ही टाका आधी. यांना वेळ लागेल." त्यानं माझ्या हाताच्या बाजूनं आपलं टाकलं आणि तो गेला.

मग मी सोडलं. तळाशी काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला.

"पडलं का ग?"

"पडलं. मी ऐकलं," बायको म्हणाली.