मिटलेले ओठ

लेआंद्रोने शेवटचा फोटो टेबलावर मांडला. एकशे बारा झाले. मासिकांची मुखपृष्ठं, मोत्यांच्या माळा, ओले केस; सगळ्यांत त्याची बेपत्ता मुलगी नायेली, आणि एकाही फोटोत तिचे दात दिसत नव्हते.

डॉक्टर अम्पारोंनी एकेक फोटो उचलून पाहिला.

“हसतानाचा नाही का एखादा? डोंगरात सापडलेली हाडं जळालीत. डीएनए निघाला नाही. दात तेवढे शाबूत आहेत.”

“कुठला असणार?” त्याची बायको चेला दारातून म्हणाली. “हे महाशय जन्मभर नट्यांचे फोटो काढताना सांगत आले, हसलात की चेहरा बिघडतो. पोटच्या पोरीचंही तोंड शिवलं.”

“चेला, पुरे.”

“का? मीही ओठ मिटून बसू?”

“आत बघतो,” म्हणून लेआंद्रो उठला.

शोधायची गरज नव्हती. कामाला सुरुवात करण्याआधी तो प्रकाश तपासायला एक फोटो काढायचा. ते फोटो कधी कुणाला दाखवायचा नाही, पण फेकायचाही नाही. नायेलीचा तसा एक फोटो खालच्या खणात होता. ती स्टुलावर बसली होती, हातात मक्याच्या पानात वाफवलेला अर्धा तामाल. तो वायरीत पाय अडकून धडपडला होता, म्हणून ती खदखदून हसत होती. पुढच्या दोन दातांत फट. ती फट दिसू नये म्हणूनच तो तिला ओठ मिटायला सांगायचा.

फोटो त्याने खिशात घातला. सापडला नाही म्हटलं, तर चेला आजही नायेलीचं ताट मांडेल. खाली बस थांबली की खिडकीशी जाईल. तिच्यामागे तोही.

बाहेरून चेलाचा आवाज आला. “कॉफी घ्या अजून, डॉक्टर. घरात काही हरवलं की तोच शोधतो.”

त्याने खण बंद केला. मग बाहेर आला आणि खिशातला फोटो टेबलावर ठेवला.

चेला वाकली. “अगं बाई! बघ कशी हसतेय वेडी.” तिने बोट पुढे केलं, पण फोटोला लावलं नाही.

डॉक्टरांनी भिंग लावून आधी दाताची रुंदी मोजली, मग फटीची, आणि फटीला दाताच्या रुंदीने भागलं. मग आपल्या बॅगेतून डोंगरात सापडलेल्या कवटीच्या मापांचा कागद काढला.

फोटोत ०.२४. कवटीत ०.२४.