साक्षीचं रक्त

एकोणीसशे चौसष्ट साली बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत मी ससे सांभाळायचो. आमच्या वसुमतीबाई हाडांच्या एका दुखण्यात लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाचा अभ्यास करत. ते प्रथिन सशाला टोचायचं. दीड महिन्यात त्याच्या रक्तात ते ओळखणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. मग काचेवर आगर नावाच्या जेलीच्या थरात एका खळग्यात सशाचं सिरम, म्हणजे रक्तातलं निवळ पाणी, समोरच्यात प्रथिन. ओळख पटली की मधे पांढरी रेघ उमटते. पण टोचण्याआधी त्याच सशाचं थोडं रक्त काढून ठेवावं लागे. त्याने रेघ उमटता कामा नये. बाई त्याला ‘साक्ष’ म्हणत.

टोचायच्या दिवशी नेमकी एकादशी आली. एकादशीला सुई चालते, रक्त काढायचं नाही, हा माझा मीच केलेला नेम. शिवाय संध्याकाळी चामराजपेटेत भीमाचार्यांचं कीर्तन. ससा टोचला आणि गेलो. बुवांचा आवाज असा लागला होता की माझे डोळे भरून आले.

टोचलेल्याचं रक्त आता साक्षीला चालणार नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारच्या पिंजऱ्यातल्या सशाचं रक्त काढलं आणि बाटलीवर पहिल्याचा नंबर घातला. त्या सशाला पूर्वी कुणी माणसाचं सिरम टोचलं होतं आणि त्याचं रक्त माणसाची प्रथिनं आधीच ओळखत होतं, हे मला कुठे ठाऊक?

दीड महिन्याने रेघ आली. साक्षीनेही आली.

“आप्पाजी, माझंच प्रथिन शुद्ध नसणार,” बाई म्हणाल्या. “सगळं ओतून टाका.”

ज्या पेशंटचं ते प्रथिन, तो वारला होता. पुन्हा मिळणार नव्हतं. बाटल्या घेऊन मी मोरीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो.

“बाई, प्रथिन चांगलं आहे. साक्ष खोटी आहे.” सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, “सशालाही उपास होता का?”

“नाही, बाई. गाजर दिलं होतं.”

त्या हसल्या नाहीत. “टोचलेल्या सशाचं आधीचं रक्त आता कुठून आणू? एका सशापुरतं प्रथिन उरलंय. सोमवारी नवा घ्या. आधी रक्त.”

“सरी, बाई,” मी कानडीत होकार दिला.

सोमवारी एकादशी होती. तरी मी सशाच्या कानाची शीर धरली, रक्त काढलं, बाटलीवर नंबर घातला. बाईंनी जवळ येऊन तो पिंजऱ्याच्या नंबराशी ताडून पाहिला.

पूर्वी त्या कधी पाहत नसत.