पांढऱ्या मोराचं गणित

कळमेश्वरच्या पलीकडे बाबारावांच्या संत्र्याच्या बागेत यंदा रानमोरांच्या पिल्लांत एक पांढरं निघालं आणि साऱ्या गावाला भक्तीचा उमाळा आला. मी पोचले तेव्हा बांधावर नारळ फुटत होते. बाबारावांच्या पत्नी सत्यवतीबाई येईल त्याच्या हातावर प्रसाद ठेवत होत्या. याच बाईंनी चार महिन्यांपूर्वी माझ्या भाचीला पाळण्यात पाहून तोंड फिरवलं होतं.

माझी धाकटी बहीण गोपिका ही त्यांचीच सून. पहिल्या बाळंतपणाला नागपूरला माहेरी आली. मुलगी झाली, कातडी पांढरीफट, केस कापसासारखे. सासरचे आले, बघून गेले, ते न्यायला आलेच नाहीत. "आमच्या घराण्यात असं नाही," एवढा निरोप आला. गोपिका अजून बॅग भरून बसली आहे. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. म्हटलं, जाऊन समजावते.

विषय बाबारावांनीच काढला. त्यांना अजून पांढरे मोर हवे होते.

"मॅडम, मोर निळा, लांडोर साधी. मंग हे पांढरं आलं कुठून?"

"दोघांकडून, मामाजी. रंगाचा एक गुण आईचा, एक बापाचा. पांढरा एकटाच आला तं निळ्याखाली दबून राहते, फार तं पंखात एखादं पांढरं पीस दिसते. दोघांकडूनही पांढराच आला, तं पिल्लू पांढरं."

"म्हणजे त्या निळ्या मोरातही हाय?"

"हाय. आणि तुमच्या जितेंद्रमध्येही हाय."

जितेंद्र, गोपिकेचा नवरा, शेजारीच मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता; सत्यवतीबाई पलीकडे खोबऱ्याचे तुकडे करत होत्या. मी आवाज चढवला. "पोरीच्या अंगात रंगच नाही, तो आजार वेगळा, मोराचा रंग वेगळा, पण गणित हेच. अर्धं गोपिकेचं, अर्धं तुमच्या घरचं."

बाबारावांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. इतकं हलकं वाटलं की संध्याकाळच्या आत गोपिकेला फोन करायचं ठरवूनसुद्धा टाकलं.

"अन् मोर तोच, पण लांडोर दुसरी, निव्वळ निळ्या घरची आणली तं?"

"मग पांढरं नाही निघत," मी वर्गात सांगते तसं चटकन सांगून बसले.

ते मुलाकडे वळले. "आयकलं का गा? तुह्यात हाय तं राहू दे. जोडी बदलली का झालं."

जितेंद्रनं पहिल्यांदाच मान वर केली.

मी ताडकन उठले. "मामाजी, त्या मायलेकी माणसं आहेत."

"आता तुम्हीच तं सांगितलं, मॅडम," ते शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात बांधावरून कुणीतरी हाक दिली, पांढरं पिल्लू बाहेर आलं होतं. तिघंही हात जोडून तिकडे धावले. जाता जाता सत्यवतीबाईंनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

बसस्टॉपवर पोचते न पोचते तोच गोपिकेचा फोन आला. "ताई, समजलं का वं त्याईले?"

"समजलं," मी म्हटलं. "पुरतं समजलं."

"मंग मले न्यायले कवा येऊन राहिले?"