छिन्नीचं फूल

कौशल्याला डोळा एकच आहे. उजवा.

डावा सोळा महिन्यांपूर्वी गेला. याच गोदामात, याच फरशीवर, याच छिन्नीमुळे. छिन्नी महादेवरावांची. मारणारे ते, धरणारी ती. आज पुन्हा तीच छिन्नी, तेच दोघं, आणि दाराशी ओतलेल्या पंपांच्या तीस जळक्या मोटारी, खाप्याकडच्या विहिरींवरून आलेल्या.

गोदाम जरीपटका वस्तीच्या मागं. मालक उन्मेष, वय एकतीस. काम असं: मोटारीचं बिडाचं कवच फोडायचं, आतल्या तांब्याच्या तारांचा गुंडाळा एका बाजूनं छिन्नीनं कापायचा, दुसऱ्या बाजूनं ओढून काढायचा. एक माणूस बसून छिन्नी धरतो, दुसरा उभा राहून घन मारतो. मारणाऱ्याचं तोंड वर, लांब. धरणाऱ्याचं तोंड छिन्नीच्या डोक्यापासून हातभर.

फूल म्हणजे काय ते सांगायला हवं.

घन बसून बसून छिन्नीचं डोकं पसरतं. लोखंडाची किनार बाहेर वळते, खाली झुकते, तिला चिरा जातात. त्याला इथं फूल म्हणतात. जितकं मोठं फूल, तितका जुना हात. फूल ग्राइंडरवर घासायचं नाही, हा इथला कायदा. घासलेली छिन्नी ती बोडकी, आणि बोडकी छिन्नी घेऊन उभा राहिलेला माणूस म्हणजे कालचा शिकाऊ. दसऱ्याला हत्यारांची पूजा होते तेव्हा कुंकवाचं पहिलं बोट फुलाला लागतं. दसरा परवा झाला. कुंकू अजून आहे.

चीर आरपार गेली की पाकळी सुटते. गोळीसारखी. आवाजही येत नाही, कारण घनाचा आवाज मोठा असतो.

भिंतीवर एक छापील कागद आहे. कंपन्यांचा माल उचलायचा तर असा कागद लावावा लागतो. *डोके पसरलेली छिन्नी वापरू नये.* ओळ तिसरी. तिसऱ्या ओळीवर खिळा आहे आणि खिळ्यावर महादेवरावांचा सदरा.

"बस वं," महादेवराव म्हणाले.

"आधी फूल काढा."

"काय काढू?"

"फूल. घासून आणा. मंग धरीन."

"परवा पूजा झाली त्याची."

"माहा डोळा पूजा न करताच गेला."

कोपऱ्यात पितळ आणि ॲल्युमिनियम वेगळं करत बसलेल्या यमुताई म्हणाल्या, "घ्या. सकाळीच सुरू झालं."

महादेवरावांनी छिन्नी फरशीवर आपटून उभी केली. साठीचा माणूस, मनगटं अजून घनाच्या दांड्यासारखी. "चाळीस वर्षं झाली मले. किती जणांनी धरली ही छिन्नी, मोज. कोणाचा डोळा गेला? तुहाच काहून गेला? तोंड पुढं घातलं म्हणून गेला."

"तोंड पुढं नाही घातलं तर दिसन कसं?"

"बाकीच्याले कसं दिसे?"

"बाकीच्याचं नशीब होतं."

"मंग तुह्या नशिबाले मी घासू का?"

कौशल्या खाली वाकली. छिन्नी उचलली नाही, फक्त अंगठा तिच्या किनारीवरून फिरवला. एका जागी किनार नव्हती. खाच होती, नखाएवढी. "इथं पाहा. इथला तुकडा डॉक्टरनं चिमट्यानं काढला. बाटलीत घालून दिला मले. घरी हाये. आणू?"

महादेवरावांनी पाहिलं नाही.

मानेचा हिशेब.

धरणाऱ्यानं घन बसताना मान वळवायची असते. कौशल्यानं मान उजवीकडे वळवली तर छिन्नीसमोर मेलेला डोळा येतो. सुरक्षित, पण मग छिन्नी दिसत नाही, ती तारांवरून घसरते, घन बोटांवर येतो. मान डावीकडे वळवली तर छिन्नी दिसते, आणि छिन्नीसमोर उजवा डोळा येतो. एकुलता.

बोटं किंवा डोळा. रोज दोनशे घाव. प्रत्येक घावाला हे एकदा ठरवायचं.

उन्मेष टेबलावरून उठून आला. हातात चष्मा, प्लॅस्टिकचा, इतका ओरखडलेला की काच दुधासारखी. "कौशल्याबाई, हे घाला ना. भांडता काहून? चार वाजता गाडी लागते."

"यातून मले तुमी दिसत नाही, दादा."

"मी नाही दिसलो तर चालते. मोटार दिसते ना?"

"नवी छिन्नी आणा."

"काका, नवी आणू का?"

"आण," महादेवराव म्हणाले. "आन् मारणारा बी नवा आण."

उन्मेषनं चष्मा पुढं केला. जरीपटक्यात पाच किलोचा घन दिवसभर चालवणारा दुसरा माणूस त्याला ठाऊक नव्हता. तो काकांना दुखवत नसे. दुखवायला सोपं कोण, तेही त्याला ठाऊक होतं. "घाला, बाई. आजच्या दिवस."

तिनं घातला. बसली. दुधातून छिन्नी चाचपली, तारांवर टेकवली.

घाव.

छिन्नी घसरली. घन तिच्या डाव्या हाताच्या कडेला घासून मोटारीवर बसला. कातडी सोलली, बोटं राहिली. नशीब म्हणावं असं अंतर.

"धरता येत नाही आन् फूल काढा म्हणते," महादेवराव म्हणाले.

यमुताईंनी हातातलं पितळ खाली ठेवलं. हसल्या नाहीत.

कौशल्यानं चष्मा काढला. हाताला पदर गुंडाळला. उभी राहिली, आणि उभी राहून पहिल्यांदा महादेवरावांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, एका डोळ्यानं जितकं सरळ पाहता येतं तितकं.

"आता तुमी धरा."

"काय?"

"छिन्नी. तुमची हाये ना. फूल बी तुमचं हाये. तुमी धरा, मी मारते."

बाया इथं घन मारत नाहीत. असं कुठं लिहिलेलं नाही, भिंतीवरच्या कागदावरही नाही.

"तुले एका डोळ्यानं घन कुठं पडते ते समजन तरी का?"

"नाही समजत. पाऊलभर इकडे का तिकडे, नाही समजत. तुमीच म्हनता ना, तोंड पुढं नाही घातलं तर काही होत नाही. मंग बसा ना जी."

"काका, राहू द्या," उन्मेष म्हणाला. त्यामुळे ते बसले. कोणी राहू द्या म्हटलं नसतं तर कदाचित बसले नसते.

"चष्मा?" यमुताईंनी विचारलं.

"मले नाही लागत."

घन.

वर. वर जाताना जड, आणि वर पोचल्यावर आणखी जड. खाली फूल, कुंकवाचा लाल ठिपका, आणि त्यामागं महादेवरावांचं डोकं. तिला दोन्ही एकाच पातळीवर दिसत होतं. जवळ कोणतं, लांब कोणतं, कळत नव्हतं. ठिपक्यावर मारायचं. ठिपका कुठं होता?

घाव. बसला. कडेला, पण बसला.

महादेवराव हलले नाहीत.

घाव. छिन्नी तारांत बोटभर गेली. फुलातून काहीतरी उडालं आणि पत्र्यावर टिक करून वाजलं. यमुताई दोन हात मागं सरकल्या.

तिसऱ्यांदा घन वर गेला आणि तिथंच थांबला.

महादेवरावांनी डोळे मिटले होते. घट्ट, लहान मूल औषध पिताना मिटतं तसे. खांदे कानांपर्यंत आले होते. हातातली छिन्नी एका बाजूला कलली होती, एक डोळा असणाऱ्यालाही दिसेल इतकी.

"डोळे उघडा," कौशल्या म्हणाली. "धरणाऱ्यानं डोळे मिटले की छिन्नी वाकडी होते. तुमीच सांगतलं होतं मले. पहिल्या दिवशी."

"मार."

"उघडा आधी."

"मार म्हनतो ना."

"मारते. जीव नाही जात, महादेवराव. डोळाच जाते. मी जिवंत हाय ना?"

तिचे दंड भरून आले होते. घन आता आपोआप खाली येणार होता, कुठं ते तिलाही माहीत नव्हतं. ती मागं सरकली आणि तो फरशीवर टाकला. फरशीला चीर गेली.

त्या आवाजानं महादेवरावांनी डोळे उघडले. छिन्नी सोडली. उठले, आणि उठताना मोटारीचा आधार घेतला. कोणी पाहिलं नाही असं दाखवण्यासाठी सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. कौशल्यानं नाही. तिनं पूर्ण पाहिलं.

"ही बाई मले मारून टाकन," ते उन्मेषला म्हणाले. "ही राहीन का मी राहीन, सांग."

उन्मेषनं दाराकडे पाहिलं. तीस मोटारी. एक अर्धवट कापलेली. मग कौशल्याच्या हाताकडे, पदरातून रक्त ओघळत होतं. सोळा महिन्यांपूर्वी ऑटोत तिच्याबरोबर तोच बसला होता. तेव्हाही तो बाहेरच बघत होता.

"काका, तुमी मारा ना मंग. कोणी नाही म्हनलं का?"

"धरणार कोण?"

"मी धरते," कौशल्या म्हणाली. "फूल काढून. नाही तर तुमी धरा, मी मारते. दोनच गोष्टी हाये."

"काका?" उन्मेष म्हणाला. त्यानं मालकासारखं विचारलं नाही, पण विचारलं. "मारता का धरता?"

महादेवरावांनी खिळ्यावरचा सदरा काढला, पुन्हा टांगला.

तोवर कौशल्या उन्मेषच्या टेबलाशी पोचली होती. खण उघडला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत नवा चष्मा होता, स्वच्छ, दोन्ही बाजूंनी बंद.

"तो कंपनीचे साहेब येतात तेव्हासाठी आहे, बाई."

"साहेब धरते का छिन्नी?"

पिशवी दातांनी फाडली. चष्मा लावला. गोदाम जसं होतं तसं दिसलं: गंज, पत्रे, यमुताई, हाताची घडी घालून उभा असलेला म्हातारा. ग्राइंडर सुरू केला. छिन्नी चाकाला लावली.

ठिणग्या. कुंकू पहिल्या सेकंदात गेलं. मग पाकळ्या, एकेक. काही घासल्या गेल्या, एक तुटून चाकाच्या पत्र्याच्या झाकणावर आदळली आणि तिथंच पडली. यमुताईंनी पितळाच्या टोपल्यामागून मान बाहेर काढून पाहिलं, पुन्हा आत घेतली. चाळीस वर्षं घासायला अकरा मिनिटं लागली. शेवटी डोकं उरलं, रुपयाएवढं, गोल, कडा आत वळवलेल्या. तिनं ते पाण्याच्या डब्यात बुडवलं. चर्र झालं.

"बोडकी केली," महादेवराव म्हणाले. आवाज हलका. "मेल्यासारखी दिसते."

"दिसू द्या."

"दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी. तुहं भलं नाही होणार."

"माहं जे व्हायचं ते झालं. बसू का?"

ती बसलीसुद्धा. छिन्नी अर्धवट चिरेत टेकवली, मान डावीकडे, उजवा डोळा छिन्नीवर, काचेमागं. घाव मागत होती.

महादेवराव घनाजवळ उभे राहिले. धरणाऱ्याची जागा त्यांच्यासमोर होती, रिकामी नव्हती, आणि ती रिकामी झाली तर कोणाला बसावं लागेल हे त्यांनी आज पाहिलं होतं. त्यांनी घन उचलला.

पहिला घाव रागाचा होता. गरजेपेक्षा दुप्पट. कौशल्याचा हात मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिणला. डोळा उघडा होता. काही उडालं नाही.

दुसरा त्याहून जोरात. काही उडालं नाही.

तिसऱ्याला गुंडाळा कापून पडला. तांबं, लाल, ताजं. तिनं ते बाजूला सरकवलं आणि पायानं पुढची मोटार ओढली.

"वाकडी धरून राहिली तू," महादेवराव म्हणाले.

"सरळ हाये."

"वाकडी हाये."

"मारा जी."